सहीच्या वरच्या ओळी

"वन्सं, आत्ताच्या आत्ता या. कुणीतरी माझ्या पोरीच्या शाळेचा गळा दाबलाय."

फोनवरच्या आवाजात रडणं नव्हतं, धार होती. आत्याने समोरची फाइल मिटली. विमा कंपनीत ती दाव्यांची तपासनीस होती; आग नेमकी कुठल्या कोपऱ्यात लागली हे राखेला विचारण्यात तिची वीस वर्षं गेली होती.

"गळा दाबला म्हणजे काय, वहिनी?"

"चिमणीचा प्रवेश रद्द झालाय. माझ्या सहीच्या पत्रानं. आणि ते पत्र मी लिहिलेलं नाही."

आत्या पोहोचली तेव्हा एक वाजत आला होता. भावांचं घर दुमजली. खाली थोरला, वर धाकटा. जिन्याच्या तोंडाशी धाकटी भावजय डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात रिकामी बादली घेऊन उभी होती.

"वन्सं, आधी माझा न्याय करा. सकाळपासून वरचं पाणी बंद आहे. डोक्यात शाम्पू तसाच वाळलाय."

"व्हॉल्व्ह कुणी बंद केला?"

"मी!" आतून वहिनीचा आवाज आला. "आणि एवढ्यावर भागणार नाही म्हणावं. पोलिसांत तक्रार लिहून तयार आहे. तिच्या नोकरीच्या ठिकाणी एक प्रत जाणार आहे."

वहिनी स्वयंपाकघरात उभी होती. अंगात परिचारिकेचा गणवेश तसाच होता. पाळी संपवून ती थेट शाळेत गेली होती, तिथून थेट व्हॉल्व्हकडे. डोळ्यांत झोप नव्हती. तिथे आता काहीतरी दुसरंच जागं होतं.

तिने पत्राची छायाप्रत टेबलावर आपटली. छापील वळणाची, मुद्दाम सरळ केलेली अक्षरं होती:

'आमच्या घरगुती अडचणीमुळे आमच्या मुलीस यापुढे आपल्या शाळेत ठेवणे शक्य होणार नाही. तरी तिचे नाव कमी करून शाळा सोडल्याचा दाखला द्यावा, ही नम्र विनंती.' खाली चिमणीचं नाव, अर्जाचा क्रमांक आणि सही.

"सही तुझी आहे?"

"माझीच आहे." वहिनीने ओठ आवळले. "तेच तर."

आत्याने प्रत उजेडाकडे धरली. वरच्या ओळी ऐसपैस होत्या. खाली येता येता त्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि शेवटची ओळ सहीला वळसा घालून गेली होती. सही नंतर आली नव्हती. सही आधीपासून वाट पाहत होती.

"कोऱ्या कागदावर सही करतेस का तू?"

वहिनीने निमूटपणे खण उघडला. मसाल्याच्या डब्यांमागे पाच-सहा कोरे कागद होते. प्रत्येकाच्या तळाशी तीच सही. "माझी पाळी दर आठवड्याला बदलते. सुट्टीचा अर्ज, सहलीची संमती... मी वॉर्डात आणि शाळेला सही आत्ता हवी. म्हणून करून ठेवते."

"कुणाकुणाला माहीत आहे हे?"

"घरादाराला. त्या वरचीलासुद्धा. दोनदा तिनेच चिमणीचा अर्ज लिहून दिलाय." तिने बोट छताकडे रोखलं. "प्रतीक्षा यादीत पहिला कोण आहे माहितेय? तिचा मुलगा. चार वाजता ती जागा त्याची. आणखी काय पुरावा हवा तुम्हाला?"

चार वाजता. आत्याने शाळेच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या मुख्य लिपिक बाईंनी वहिनीला सांगितलेली अट पुन्हा सांगितली: चारच्या आत पत्र खोटं असल्याचं आईचं लेखी निवेदन हवं, आणि ते कुणी लिहिलं हेही त्यात हवं. घरातलं भांडण शाळेच्या अंगणात नको, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं.

"पत्र टपालानं आलं का?"

"नाही हो. मंगळवारी दुपारी पेटीत मिळालं. फाटकावरच्या पालकांच्या पेटीत नव्हे. आत ग्रंथालयाच्या वळणावर मुलांची तक्रारपेटी आहे, तिच्यात. मुलं त्यात पेपर अवघड होता म्हणून तक्रारी टाकतात. बाहेरच्यांना ती दिसतसुद्धा नाही."

आत्याने फोन ठेवला. इतक्यात थोरला भाऊ, दादा, चष्म्याच्या दुकानातून जेवायला आला.

"दादा, चिमणीनं त्या शाळेत जावं असं तुला वाटत होतं?"

"खरं सांगू? नाही. पाऊण तासाची बस. एकीला धाडून पाहिलंच होतं की तिथे, नाही झेपलं घराला. पण म्हणून मी असलं पत्र लिहीन? मला साधं भाडेपावतीचं पाकीट चिकटवता येत नाही."

"ते खरंय," वहिनी फणकारली.

आत्या जिन्यात गेली. भावजय पायरीवर बसली होती.

"तुला ती जागा हवी होती?"

"हवी होती. खोटं कशाला बोलू? पण अशी नको. आणि 'नम्र विनंती' मी उभ्या जन्मात लिहिलेली नाही, वन्सं. विचारा तुमच्या भावाला, मी थेट हुकूम सोडते."

"मंगळवारी दुपारी कुठे होतीस? आणि शाळेला काही द्यायचं तर कुठे टाकतेस?"

"घरीच. मंगळवारी चिमणी दुपारभर माझ्याकडे होती. आणि टाकते फाटकावरच्या पेटीत. दुसरी आहे का कुठे?"

तिच्या तोंडावरचं आश्चर्य शाम्पूइतकंच खरं होतं.

खाली परत येताना आत्या मधल्या खोलीच्या दाराशी थबकली. वहिनीची थोरली लेक चिमणीची वेणी घालत होती. वय पंधरा, पण हात मात्र संसार केलेल्या बाईसारखे सराईत. पलीकडे स्वयंपाकघरात तिने गॅसवर दूध ठेवलं होतं, खिडकीत दोघींचे गणवेश वाळत होते. रोज दुपारी हे घर तिच्याच खांद्यावर असे.

"आत्या, चहा टाकू?"

"नको. चिमणे, प्रवेश परीक्षेचा अभ्यास कुणी घेतला गं तुझा?"

"ताईनं! रोज दोन तास. चुकलं की कान पिळायची." चिमणीने कान दाखवला. "मी आठवी आले!"

थोरलीने वेणीला शेवटचा पेड घट्ट ओढला. चिमणी कळवळली.

आत्याने चिमणीला वर पाठवलं आणि स्वतः बाहेर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. नळीतून पाणी खळखळत वर चढलं. मग तिने दादा, वहिनी आणि थोरली यांना टेबलाशी बसवलं. घड्याळात सव्वादोन झाले होते.

"आग लागली की लोक दाराकडे बोट दाखवतात," आत्या म्हणाली. "मी जमिनीकडे बघते. वहिनी, हे पत्र पुन्हा वाच. चिमणी त्या शाळेत एक दिवस तरी बसली आहे का?"

"नाही. वर्ग जूनमध्ये सुरू होणार."

"मग 'यापुढे शाळेत ठेवणे' कसं? जी शाळेत गेलीच नाही तिला शाळा सोडल्याचा दाखला कसा? प्रवेश रद्द करणारा माणूस असं लिहीत नाही. हे लिहिलंय ते शिकत असलेल्या मुलीला काढून घेण्यासाठी. म्हणजे लिहिणाऱ्याने शब्द स्वतः रचले नाहीत. त्याला एक जुनं पत्र तोंडपाठ होतं, आणि रागाच्या भरात त्यातला एक शब्दही बदलावासा वाटला नाही."

दादाने हळूच बायकोकडे पाहिलं.

"दुसरं, पेटी. वरच्या भावजयीला फाटकावरची एकच पेटी ठाऊक आहे. दादा तर त्या शाळेत कधी गेलाच नाही. मुलांची पेटी त्यालाच माहीत, जो त्या वळणावरून रोज ग्रंथालयात गेला आहे. तिसरं म्हणजे, मंगळवारी दुपारी तिकडे जाऊन परत येण्याइतका वेळ कुणाला होता? मंगळवारी चिमणीला वरच्या मजल्यावर कुणी सोडलं होतं?"

दूध उतू गेल्याचा वास आला, आणि कुणीही उठलं नाही.

"वहिनी, या घरातली एकच मुलगी त्या शाळेत होती. तीन वर्षांपूर्वी, सातवीत असताना तिला काढलंस. का?"

वहिनीचा आवाज पहिल्यांदाच बसला. "चिमणीची शाळा बारालाच सुटायची. दुपारी घरी कुणीतरी हवं होतं. जवळच्या शाळेत गेली तर ही बारापर्यंत..."

"पत्र लिहिलंस?"

"लिहिलं असेल. दुहेरी पाळी करून आले होते. मला... मला त्यातलं काही आठवत नाही."

"मला आठवतं," थोरली म्हणाली.

ती शांत होती. इतकी, की दादाने खुर्ची मागे सरकवली.

"तू ते पाकिटात घालून माझ्याच हाती दिलं होतंस. म्हणालीस, ऑफिसात नेऊन दे. बसमध्ये मी उघडलं. पाऊण तास होता. पाऊण तासात अडीच ओळी किती वेळा वाचून होतात, माहितेय? मी शाळेच्या शेवटच्या दिवशी स्वतःचं नाव कमी करायचं पत्र स्वतः पोचवलं, आई. आणि तुला ते आठवतसुद्धा नाही."

"अगं, पण चिमणीनं तुझं काय..." वहिनीचा हात उगारला गेला आणि हवेतच राहिला. "तिचा अभ्यास तूच घेतलास ना?"

"घेतला. ती पास व्हायलाच हवी होती. नापास झाली असती तर तुझ्याकडून काढून घ्यायला काय उरलं असतं? जूनपासून ती चारला घरी येणार. दुपारी घरी कुणी नको. तीन वर्षं उशीर केलास, आई."

वहिनीने गणवेशाच्या खिशातली पोलिसांत द्यायची तक्रार काढली, फाडली, आणि नवा कागद पुढे ओढला.

"लिहिणाऱ्याचं नाव मी माझं घालते," ती म्हणाली.

"खोटं लिहिणार?" आत्याने विचारलं.

"खोटं कुठंय, वन्सं? त्यातला शब्द न् शब्द माझाच आहे."

क्षणभर वाटलं, प्रकरण इथे मिटेल. थोरलीने कागदावर तळहात ठेवला.

"नाही. एवढ्या स्वस्तात सुटायचं नाही. ते पत्र माझं आहे. तुला मला वाचवू देणार नाही मी."

तिने आईच्या बोटांतून पेन काढून घेतलं. निवेदन तिनेच लिहिलं, एकटाकी, या वेळी आपल्या खऱ्या अक्षरात: पत्र खोटं आहे, ते मी लिहिलं, माझ्या बहिणीची जागा तिला द्यावी. खाली पूर्ण नाव घातलं. मग आईकडे कागद फिरवला. वहिनीने सही केली. ओळी वाचून, आणि त्यांच्याखाली.

"मी गाडीनं सोडून येते," आत्या उठली.

"नको, आत्या." थोरलीने कागदाची घडी घालून आईच्या हातात दिली. "तू ने. एकटीनं. तीनची बस आहे. बसायला जागा मिळत नाही, पण वाचायला उजेड पुरतो."