डोंग्यातला माणूस

नागपूरकराला बंदर म्हटलं की आधी माकडच आठवतं, त्याला इलाज नाही. समुद्र कुठल्या कुठे! तरी सावनेरच्या पुढे एका धरणाच्या काठाला, जिथे मासे धरणाऱ्या ढीवरांच्या नावा लागतात, तिथे उतरत्या उन्हात उभं राहिलं की थेट बंदरावर आल्यासारखं वाटतं. शाळेत चित्रकला शिकवणारी मिनल त्या रविवारी रंगांची पेटी स्कूटीवर घालून तिथे गेली. हौस म्हणून नव्हे. घरात बसवत नव्हतं, एवढंच.

तिचा नवरा प्रेमानंद उन्हाळ्यात धंतोलीच्या एका दवाखान्यात वारला. तेव्हापासून ती रडली नव्हती. सासू म्हणायची, रड बाई, मोकळी हो. पण आत सगळं बधिर होतं. चहाने जीभ पोळली तरी तिला ते उशिरा कळायचं.

उघड्यावर चित्र काढणं हे घाईचं काम. ऊन कोणासाठी थांबत नाही, म्हणून पेन्सिल नाही, खाडाखोड नाही. जाड ब्रश रंगात बुडवायचा आणि ओढायचा. स्कूटीच्या मागच्या सीटवरच पेटी उघडून तिने सुरुवात केली; पाणी चार फटकाऱ्यांत झालं. काठावर एक डोंगा, म्हणजे लहानशी नाव, पालथा पडला होता. तसा तो नुसता ढेकळासारखा दिसला असता, म्हणून मिनलने चित्रात तो सरळ करून पाण्यात सोडला. मग तो रिकामा बरा दिसेना. तिने त्यात पाठमोरा माणूस बसवला. दोन फटकारे की माणूस तयार. सगळे चित्रकार हेच करतात, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"तो डोंगा पाण्यात काहून टाकला, म्याडम?"

मागे एक म्हातारी उभी होती, खांद्यावर जाळं.

"चित्रात बरा दिसतो, मावशी."

"मी पार्वतीबाई. माह्या पोराचा डोंगा हाय तो, कवडूचा. पाण्यानं नेलं त्याले, अजून देलं नाही." म्हातारीचा आवाज खाली आला. "मानूस सापडत नाही तवलोक डोंगा सीधा नाही करत आमी. सीधा केला तं... तो बसून येते."

मिनलने कापड उचललं. "पुसून टाकते मी."

"थांबा." पार्वतीबाई चित्राजवळ वाकली. "डावा खांदा पाहा. असाच पडेल होता त्याचा."

तो खांदा ब्रश घसरून पडला होता. मिनल हे सांगणार, तोच तिला वास आला. टर्पेंटाइनचा नव्हे. तळाच्या गाळाचा, फार दिवस कुजलेल्या शेवाळाचा वास. मग आवाज. चप्... चप्... तिने काठाकडे पाहिलं. पालथा डोंगा जागेवर नव्हता. त्याच्या आकाराची कोरडी माती तेवढी उरली होती. आणि पाण्यात, तिने रंगवला होता नेमका तिथे, कोणीतरी पाठमोरं वल्हवत होतं.

भ्यायला हवं होतं. मिनलला ते समजत होतं, पण भीती आतपर्यंत पोचत नव्हती.

"तोंड इकडे करा त्याचं," पार्वतीबाई कुजबुजली. "एक डाव पाहू द्या वं बाई मले. पाया पडतो तुमच्या."

मिनलने नकार द्यायला हवा होता. तिने पाठमोऱ्या डोक्यावरच तोंड म्हणून गव्हाळ रंगाचा एक ठिपका ठेवला.

पाण्यावर डोंगा वळला. सावकाश काठाजवळ आला. कवडूने मान वर केली. जिथे तोंड असायला हवं, तिथे एक सपाट, ओला, गव्हाळ डाग होता. घाईच्या चित्रातल्या माणसाला नाक-डोळे नसतातच.

पार्वतीबाई कमरेइतक्या पाण्यात शिरली. त्या डागावरून हात फिरवत ती ओरडली, "पोराले दिसून नाही राहिलं... डोये काढा त्याले! मी कोठी हावो, समजून नाही राहिलं त्याले!"

मिनलने बारीक ब्रश घेतला. कवडूला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे कसे असतील, हे म्हातारीला विचारायचं तिला सुचलंसुद्धा नाही. हाताला एकच डोळे पाठ होते, आणि हात आपोआप चालला. उजवी पापणी थोडी जड. कोपऱ्यात थकलेली रेघ.

डोळे उघडले.

त्यांनी पार्वतीबाईकडे पाहिलं, जसं रस्त्यावर अनोळखी माणसाकडे पाहतात. मग ते पुढे सरकले आणि मिनलवर थांबले.

"माही ओळख पटली ना त्याले?" पार्वतीबाई त्याचा थंड हात छातीशी धरून विचारत होती. "सांगा ना म्याडम... पटली ना?"

मिनलच्या आत कित्येक महिन्यांनी काहीतरी दुखलं. कापड तिच्या हातातच होतं, आणि रंग अजून ओला होता.

म्हातारीच्या हातातून हात सोडवून तो काठावर उतरला. डावा खांदा पाडून, प्रेमानंदच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहत चढ चढू लागला.

मिनलने कापड खाली टाकलं आणि त्याला बसायला स्कूटीच्या मागच्या सीटवरची पेटी काढून घेतली.