सुट्टीच्या दिवसाचं पुण्य

"या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलंस, तर परत या घरात येऊ नकोस, वहिनी!"

दिराच्या तोंडून हे शब्द बाहेर पडले मात्र, आणि वहिनीच्या हातातली चप्पल हातातच राहिली... हेच ऐकायचं राहिलं होतं का? नवरा गेला तेव्हा हा तिचा दीर दुधाच्या दातांचा होता. माहेरची माणसं तिला न्यायला आली, दुसरं लग्न लावून देतो म्हणाली, तेव्हा या एवढ्याशा जिवाने तिचं बोट काही सोडलं नाही, आणि मग तीही गेली नाही. लाँड्रीच्या वाफेत आणि सोड्याच्या पाण्यात तिने आपली उमेदीची वर्षं घातली, पोराला शिकवलं, आणि देवाची करणी बघा, त्याच लाँड्रीत तो मॅनेजर होऊन आला! पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाला होता, "वहिनी, तिथे कुणाला आपलं नातं सांगू नकोस हं. बरं दिसत नाही." तिने तेही मुकाट्याने गिळलं होतं. कामावर ती त्याला 'साहेब' म्हणे आणि तो तिला इतरांसारखाच 'मावशी' म्हणे.

"आज मालक स्वतः येणार आहेत," दीर म्हणाला. "तू फाटकासमोर दिसलीस की माझी नोकरी गेलीच म्हणून समज! कळतंय का तुला?"

"कळतंय रे बाळा... पण शब्द दिलाय मी सगळ्याजणींना."

"आणि मी? मी कुणीच नाही का तुझा?"

वहिनीचे डोळे भरून आले, पायात चप्पल सरकवली आणि ती जिना उतरली. कोपऱ्यापर्यंत पोचली असेल नसेल, तोच मागून धाकटी जाऊ धापा टाकत आली आणि तिने डबा हातात कोंबला.

"ताई, यांचं बोलणं मनावर घेऊ नका. भीतीनं गाळण उडालीय त्यांची. आणि हे बघा, ओरडायचं असेल तर मोठ्यानं ओरडा, मालक एका कानानं बहिरा आहे!"

रडता रडता वहिनीला हसू फुटलं. जाऊ असावी तर अशी!

सगळी गंमत, म्हणजे गंमत कसली, सगळा घोटाळा झाला होता तो एका पुण्याच्या कामातून. शहरात तीन धर्मांची तीन प्रार्थनागृहं होती आणि तिथल्या बैठकीच्या लांबरुंद चादरी, पडदे, आसनांचे अभ्रे लाँड्रीचा मालक फुकट धुऊन देई. केवढा दानशूर! तिन्ही दारांवर संगमरवरात त्याचं नाव कोरलेलं होतं. पण धूत कोण होतं? या बायका. तेही आपल्या सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी! "ही देवाची सेवा आहे, सेवेचा पगार मागत नसतात," असं त्यांना बजावलं होतं, आणि बजावणारा होता साक्षात वहिनीचा दीर.

एका सुट्टीला मोठ्या प्रार्थनागृहाचे म्हातारे धर्मगुरू, सगळे त्यांना 'दाढीवाले बाबा' म्हणत, मालकाचे आभार मानायला म्हणून सहज लाँड्रीत आले. घामाने निथळणाऱ्या बायकांना पाहून त्यांनी विचारलं, "सुट्टीचा जादा पगार देतात ना?"

"छे हो बाबा!" वहिनी भाबडेपणाने म्हणाली, "ही तर सेवा!"

"आणि एरवीच्या पगारात भागतं का तुमचं?"

एकीने नुसते सोलवटलेले हात मागे लपवले. बाबा मटकन पायरीवर बसले. "अरे देवा," ते पुटपुटले, "इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाला आशीर्वाद देत होतो!"

मग काय विचारता! बाबा उठले ते थेट दुसऱ्या प्रार्थनागृहाच्या चष्मेवाल्या गुरुजींकडे गेले, गुरुजींना घेऊन तिसऱ्याच्या संन्यासिनी माईंकडे गेले. जे तिघे एरवी एका चटईवर बसायला राजी नव्हते, ते या बायकांच्या पगारासाठी एकत्र आले. तीनदा त्यांनी मालकाचा दरवाजा ठोठावला. मालकाने तीनदा चहा पाजला आणि वाटेला लावलं. शेवटी त्यांनी ठरवलं, आपलं धुणं आपणच धुवायचं... आणि तेही लाँड्रीच्या फाटकासमोर, भर रस्त्यात!

वहिनी तिथे पोचली तर काय, रस्ता फुलून गेला होता! ओळीने मोठाले टब मांडलेले, नळाला पाइप लावलेले, तीन धर्मांची माणसं आपापली गाणी एकाच वेळी म्हणताहेत, त्यामुळे एकाचाही सूर लागत नाहीये, आणि मध्ये बाबा, बाह्या सारून, दाढीला फेस लावून चादर घोळताहेत! लाँड्रीच्या बायका काम सोडून फाटकाबाहेर उभ्या, पोट धरधरून हसताहेत.

"अहो बाबा, ही धुताय की हिला न्हाऊ घालताय?" एकीने विचारलं.

"हसा, हसा!" बाबा म्हणाले. "आज तुम्ही बसायचं, धुणं आमचं!"

पण वहिनीच्या अंगात थोडंच बसणं होतं! ती सरळ पुढे झाली आणि चादरीचं एक टोक तिने हातात घेतलं. फाटकाच्या जाळीआड दीर उभा होता. दोघांची नजरानजर झाली. त्याने मान फिरवली, आणि ती खाली बघून चादर घोळू लागली...

तेवढ्यात मालकाची गाडी आली. त्याच्या पाठोपाठ बातमीही आली की तिन्ही धर्मांच्या दवाखान्यांनी आणि वसतिगृहांनी आपलं धुणं आज लाँड्रीत पाठवलंच नाही, ते आणायला गेलेल्या गाड्या रिकाम्याच परतल्या. मालकाचा चेहरा खर्रकन उतरला. तो गाडीच्या पायरीवर चढला आणि त्याने हात जोडले.

"पगार वाढवतो! सुट्टीचं कामही आजपासून भरपगारी! पण मला अंधारात ठेवलं हो... ही सगळी अक्कल माझ्या मॅनेजरची. त्याला मी आत्ताच्या आत्ता हाकलतो, मग तर झालं?"

"हाकला! हाकला!" गर्दी गरजली. बायकाही ओरडल्या, का नाही ओरडणार? त्याच माणसाने त्यांच्या सुट्ट्या खाल्ल्या होत्या. जाळीआड तो पांढराफटक पडला.

हवं होतं ते सारं मिळालं होतं! नुसतं गप्प राहायचा अवकाश होता... पण वहिनीच्या हातून चादर सुटली.

"थांबा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की मालकाच्या बहिऱ्या कानालाही ऐकू गेलं असेल. "अक्कल त्याची असेल, मालक, पण दगडावर नाव तुमचं कोरलंय! आता त्याला पुढे ढकलून तुम्ही कोरडे राहणार होय?"

"तुम्ही का त्याची बाजू घेता, मावशी?" एक बाई चिडून म्हणाली.

"कारण तो माझा आहे!" वहिनीचा बांध फुटला. "माझा धाकटा दीर आहे तो. या हातांनी वाढवलाय मी त्याला! तो चुकला, माझंच लेकरू चुकलं... अगं, तुम्ही सगळ्या सुट्टीला धूत होतात ते साहेबांच्या धाकानं. मी नाही. मी आनंदानं धूत होते! एकेक चादर पिळताना म्हणायचे, देवा, हे पुण्य माझ्या बाळाच्या पदरात घाल... आणि तो तेच पुण्य मालकाला वाहून मोकळा झाला होता, मला कुठे ठाऊक! आता कुणाला काढायचंच असेल तर मला काढा. बाकीच्यांचा पगार वाढवा, मी उद्यापासून येत नाही!"

गाणीसुद्धा थांबली.

फाटक करकरलं. तो बाहेर आला, धडपडत, गर्दीतून वाट काढत, आणि सगळ्यांदेखत त्याने तिचे फेसाळलेले हात आपल्या हातात घेतले. त्या भेगा त्याने कितीदा पाहिल्या असतील... आज पहिल्यांदा त्याला त्या दिसल्या!

"ही कुठे जाणार नाही!" तो रडत ओरडला. "कल्पना माझी होती. बढतीसाठी मीच मालकांना सुचवली, आणि त्यांनी हसत मान्य केली. ही मावशी नाही, ऐकताय ना सगळे? ही माझी वहिनी आहे... आई आहे माझी! काढायचं तर मला काढा, मी भोगीन."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मघाशी चिडलेली ती बाईच डोळे पुसत म्हणाली, "मेल्या, एवढं आधी नाही का सांगायचंस!"

बाबा फेसाळल्या दाढीनिशी पुढे झाले. "मालक, आम्हाला कुणाची मान नकोय. आमच्याही अंगाला त्या चादरींचं पाप लागलंय, म्हणून तर आम्ही इथे धुवायला बसलोय. यांच्या घामाचं मोल द्या. मागच्या सुट्ट्यांचंसुद्धा. नाहीतर आमचे टब उद्याही इथेच, परवाही इथेच!"

मालकाने रिकाम्या परतलेल्या गाड्यांकडे पाहिलं, टबांकडे पाहिलं. "दिले," तो कसाबसा म्हणाला. "सगळ्यांना दिले. मागचेसुद्धा."

केवढा जल्लोष उसळला म्हणून सांगू! माईंनी गुरुजींच्या अंगावर पाणी उडवलं, बायकांनी बाबांना टबासकट उचलायचं बाकी ठेवलं. मालक दिराकडे न बघताच गाडीत बसून निघून गेला. दिराची नोकरी राहील की जाईल, हे त्या घटकेला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि नवल म्हणजे त्यालाही त्याची फिकीर नव्हती.

तो नुसता उभा होता, हमसून हमसून रडत.

"रडतोस काय वेड्या? ते टोक धर," वहिनी म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज कुठे ठिकाणावर होता! त्याने टोक धरलं, आणि तिच्याच बाजूला पीळ घालू लागला. "अरे, उलटा पीळ घाल, उलटा! एवढं शिकवलं तुला, आणि चादर पिळता येईना होय?"

चादरीतून पाणी धो धो गळलं. दोघांच्याही डोळ्यांतून गळत होतं.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "घरी चल ना गं..."

"येते रे बाळा," ती म्हणाली. "एवढी वाळत घालू दे, मग दोघं मिळूनच जाऊ."