मोंतरॅयची शिरगणती

फ्रान्स म्हटलं की लोकांना अत्तर आठवतं. आखातातल्या सनाबिसच्या ऑफिसात बसलेल्या विश्वजीतच्या वाट्याला मात्र ओस पडत चाललेलं एक खेडं आलं. मोंतरॅय म्हणजे दोन टेकड्यांमध्ये एकच रस्ता, दगडी चर्च आणि ओढ्याकाठी कपडे धुण्याचा गावकीचा हौद. तिथल्या जुन्या शिरगणतीची पानं संगणकात उतरवायची होती. १८४६ साली माणसं तीनशे अठरा, १९११ साली चौऱ्याण्णव. पोरं पोटापाण्यासाठी गेली, म्हातारी मागे उरली. बुलढाण्याकडच्या त्याच्या गावाचीही हीच गत होती.

प्रत्येक पान तो आणि शेजारच्या टेबलावरची कश्मिरा वेगवेगळं टाइप करत, मग दोन्ही ताडून बघत. १९०१ च्या पानात त्याची एक ओळ जास्त भरली. शेवटचं घर. विधवा, वय एकाहत्तर, एकटी. मुलगा परदेशी. नावाची जागा कोरी.

"स्कॅनमध्ये ही बाई नाहीये," कश्मिरा त्याच्या स्क्रीनवर वाकून म्हणाली. "जेवलास ना नीट?"

त्याला तर ती शाई स्पष्ट दिसत होती.

१९०६ च्या पानावरही ती बाई होती. वय एकाहत्तर. १९११ लाही एकाहत्तरच.

विश्वजीतची आई लीलाबाई एकाहत्तरची होती, वडील गेल्यापासून गावातल्या घरात एकटी. 'चौदा एप्रिलला येतो' म्हणून तो तिला तीन वर्षं झुलवत होता. खरं सांगायचं तर रजेचा अर्ज त्याने कधी केलाच नव्हता.

"उडव ना त्या ओळी," कश्मिरा म्हणाली. "यल्ला, आटप, खलास कर. आज फाइल जायचीय."

त्या ओळी त्यालाही बघवत नव्हत्या. त्याने तिन्ही पुसल्या. बेरीज जुळली आणि त्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्याला पुढे जन्मभर लाज वाटली.

मन खात होतं, म्हणून त्याने लगेच रजेचा अर्ज भरला आणि आईला फोन लावला. असा नंबरच नाही, असं उत्तर आलं. मग बहिणीला, संघप्रियाला लावला.

"आईला सांग, मी येतोय."



"कोणाची आई, दादा?"

"आपली."

"आपल्याले तं मावशीनं वाढवलं. आई कुठची?"

त्याने फाइल उघडून त्या तीन ओळी शोधल्या; एकही उरली नव्हती.

"ये नं पण," ती म्हणाली. "गावातलं घर पाहून घे एकदा. किती वर्षं झाले, कुलूपच हाये. पण लोक सांगतात, अंगण रोज सकाळी झाडलेलं असते. अन् दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला."