कचेरीचं माप जुळत नव्हतं

"थो खिळा काढा."

राजदीप स्टुलावर उभा होता. हातात हातोडी, दातात दुसरा खिळा. खाली पाह्यलं तं एक पोट्टी… डोक्यावर हेल्मेट, गळ्यात टेप, अन् डोळे असे का भिंतीतला खिळा भेवानंच बाहेर यावा. मी म्हणते, आलाच. तुम्हाले खरं वाटो नाही तं नाही वाटो.

"कॅलेंडर लावाचं हाय," थो म्हणे.

"मंग हातात धरून उभे राहा. ही इमारत संरक्षित हाय."

"वर्षभर उभा राहू?"

"पुढचं वर्ष बी हाय ना."

तर अशी झाली भेट. पोट्टी म्हणजे माही नात ममता. महागावकडच्या आमच्या तांड्यातली, नागपूरले जाऊन जुन्या इमारतींचं शिकलेली, अन् ही तिची पहिलीच नोकरी. राजदीप याच कचेरीत बसणारा जमीन मोजणीवाला. त्यानं मोजलेल्या शेताच्या धुऱ्यावर सख्खे भाऊ बी भांडत नाही, असं त्याचं नाव.

कचेरी कोणत्या गावातली ते मी सांगत नाही, उद्या सारे पाहाले जान. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर लाल विटा, पुढं टोकदार कमानींचा लंबा व्हरांडा. भिंती इतक्या जाड का एका साहेबाची बैलगाडी खिडकीतून शिरली, थे अजून आतच हाय म्हणतात. दारावर रंगीत काचा. ऊन आलं का फरशीवर लाल-निळे तुकडे पडत, अन् बजाराच्या दिवशी बाया लुगड्याचा काठ समजून उचलाले वाकत. पण वरती सागवानी छपराची मोठी तुळई वाळवीनं खाल्ली होती. नवी बसवाची तं माप नेमकं पाहिजे. त्यासाठीच ममता आली होती. माप झालं का चालली नागपूरले.

लेझरचं यंत्र होतं तिच्यापाशी. पण जुन्या भिंती पोट सुटल्यासारख्या, टेपाबिगर भरोसा नाही. अन् टेपाले दोन माणसं लागतात. राजदीप म्हणे, मी धरतो ना एक टोक. कोणी बोलावलं नव्हतं त्याले.

मोठ्या दालनाच्या एका कोपऱ्यात थो, समोरच्या कोपऱ्यात थे, मधात पिवळा टेप ताणलेला.

"नीट धरला ना?" तिनं इचारलं.

"मोजणीवाल्याले इचारून राह्यल्या तुम्ही?"

"टेप हालून राह्यला म्हणून म्हटलं."

"थो हालन… त्याले कोणी असं पाह्यलं नव्हतं आजपर्यंत."

ममता हासली नाही. वहीत पाहत राह्यली. पण कान लाल झाले. काचेतल्या उन्हानं झाले म्हणे. उन्हं तं कवाचेच उतरले होते!

आता ऐका. दालन चौकोनी हाय का तिरपं, हे पाहाले या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरका टेप धरतात, मंग उरलेल्या दोन कोपऱ्यांतून. दोन्ही मापं सारखी आली का काम जमलं. इथं येईच ना. बोटभर फरक राहे. दुसऱ्या दिवशी मोजलं तं फरक पल्याडच्या बाजूनं. असं करत करत दोघांचे डबे कमानीखाली एकत्र उघडाले लागले, 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण दालन काही जुळलं नाही.

मंग नागपूरवरून तिच्या हापिसातल्या मोठ्या बाई आल्या, विमलताई. तिथं सुतार तुळई कापाले बसला, अन् इथं माप नाही. ताई व्हरांड्यातच म्हणे का, हे काम तुह्या हातचं नाही ममता, मी दुसऱ्याले देते. ममता नुसतं एवढंच म्हणे, "माहाच हात कच्चा असन, ताई." अन् डोळे भरले.

मोजणीच्या तारखेसाठी शेतकरी बसले होते व्हरांड्यात. त्यायच्या समोर राजदीप उठला.

"हात तिचा पक्का हाय. टेप मी सरकवत होतो… जाणूनबुजून."

मोजणीवाल्यानं टेप सरकवला! आपल्या इकडं याच्यापेक्षा मोठं पाप कोणतं? घनश्याम म्हातारा काठी टेकत उभा राह्यला.

"मंग माह्या धुऱ्याचं काय रे?"

"धुरा बरोबर हाय, काका. पल्याडच्या टोकाले तुम्ही उभे होते ना."

असे हासले लोक का कमानीतले कबुतरं उडाले, थे सीधे पांढरकवड्याले जाऊन बसले. विमलताई नाही हासल्या. त्यायनं टेपाचं टोक सोता धरलं, ममतानं दुसरं, अन् दोन्ही मापं केसाचा फरक न पडता जुळले. काम ममताकडंच राह्यलं. राजदीपले मात्र त्या दिवसापासून ज्यानं त्यानं म्हणाव, मोजाले ये बाबा, पण पहिले सांग, मन ठिकाणावर हाय का?

ममता टेप गुंडाळत होती. थो जवळ येऊन उभा राह्यला.

"माही पहिली नोकरी होती, राजदीप."

"मालूम हाय. चुकलो. माप जुळलं असतं तं तू गेली असती…"

"राहा म्हणून तोंडानं सांगता नव्हतं येत?"

"म्हटलं असतं तं राह्यली असती?"

"नसती राह्यली." तिनं टेपाचा शेवटचा वेढा घातला. "पण परत आली असती."

"अन् आता?"

"आता मी नाही येत. तू ये, आमच्या तांड्यावर. जे बोलाचं थे माह्या बापासमोर तोंडानं बोल."

अन् गेली थे नागपूरले.

तुळई बसली. त्याच्या नंतरच्या ऐतवारी ममता घरी आली होती. मी अंगणात तूर पाखडत होती, अन् माहा लेक धनसिंग, ममताचा बाप, पाव्हण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उठला. कारण दारात एक पोट्टा उभा. घामानं निथळलेला. चपला काढल्या नाही, रामराम नाही, पाण्याले हात नाही लावला. साऱ्या तांड्याले ऐकू जाईन असा म्हणे,

"ममतासंगं लग्न कराचं हाय मले."

धनसिंगच्या हातातला तांब्या हातातच राह्यला. मी सुपात तोंड लपवलं.

आतून ममताचा आवाज आला, "हळू बोल ना… मले ऐकू येते."