चाप हलका होत गेला

आमचे हे, धर्मराज, नागपूरला कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. तिथला नियम असा की काम कितीही चोख असो, तपासनीस 'पास' म्हणत नाही तोवर ते पुरं झालं नाही. घरातली तपासनीस मी. कुकरची शिटी असो की खिडकीची कडी, दुरुस्त करून माझ्यासमोर ठेवायचे आणि उभे राहायचे. "तपासा, गिरजाबाई." मी सहजी पास केलं नाही कधी. माणूस शेफारतो.

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला लेकाकडे आलो तरी तेच. शेजारी चोरी झाली म्हणून धम्मदीपनं रिव्हॉल्व्हर आणलं. घरात पाच वर्षांची नात, सिया. म्हणून गोळ्या वेगळ्या, रिव्हॉल्व्हर लोखंडी पेटीत, किल्ली धम्मदीपच्या गळ्यात. पण सुनेच्या, रोशनीच्या बोटाला चाप ओढवेना. धम्मदीप व्हिडिओ बघून खटपट करायला लागला, तर हे हसले. "आण इकडे. जन्म गेला माझा यात."

चाप हलका व्हावा म्हणून महिनाभर गॅरेजमध्ये घासत बसले. चापाला दोरीनं डोलची लटकवायची, तिच्यात पाणी ओतत जायचं. किती पाण्याला चाप सुटतो, तिथे खिळ्यानं खूण. फेब्रुवारीतल्या एका दुपारी माझ्यासमोर आणलं.

"खरखर आहे अजून," मी म्हटलं. "नापास. म्हातारे झालात, सोडा आता."

परत गॅरेजमध्ये गेले. चहाला हाक मारायला मी गेले तेव्हा बाकावर डोकं टेकलेलं होतं.

यांचं पुण्यानुमोदन झालं. बाबांचं शेवटचं काम म्हणून धम्मदीपला ते रिव्हॉल्व्हर काढून टाकवेना. एका रविवारी त्यानं आठवणीनं डोलची लावून पाहिली. शेवटच्या खुणेहून बोटभर कमी पाण्यातच चाप सुटला.

"त्या दिवशी नंतर घासला असेल बाबांनी," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी आणखी बोटभर कमी. मग अर्ध्यावर. पेटी उघडली की ताज्या तेलाचा वास यायचा.

पलीकडच्या डेटा सेंटरची घरघर इथे दिवसभर असते. तिच्याखाली मला दुसरा आवाज ऐकू यायला लागला. बारीक करकर. पॉलिशचा शेवटचा हात फिरवतात, तशी. मी भाजी निवडायला गॅरेजमध्येच बसू लागले.

"आई, थंडी आहे हो तिथे," रोशनी म्हणाली.

"तुझ्या किचनपेक्षा ऊब आहे," मी म्हटलं.

एप्रिलात रिकाम्या डोलचीनं चाप सुटला. त्यानंतरच्या रविवारी दोरी बांधता बांधताच खट्ट झालं.

धम्मदीपचा चेहरा उतरला. "आई, हे आता घरात नको. चुकून सियाच्या हाती लागलं तर? पोलिसांकडे सरेंडर करतो."

"कर."

तो जागचा हलला नाही. मग हळूच म्हणाला, "तू एकदा 'पास' म्हण ना बाबांना. त्यांना तेवढंच हवं होतं."

तोंडाशी आलं होतं. पण ते म्हटलं की हे जाणार. मी मेथीची जुडी सोडली आणि पानं खुडत बसले.

रिव्हॉल्व्हर गेलं. पेटीही गेली.

करकर थांबली नाही. मी डोळे मिटून ऐकत बसायची.

मे महिन्यात ग्रीन कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला गेले. तिथल्या मुलीनं माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट काचेवर ठेवलं. पुसलं, पुन्हा ठेवलं. पडद्यावर नुसता पांढरा डाग. रेघ म्हणून नाही.

"वयानं होतं, आई," रोशनी गाडीत म्हणाली. "जन्मभर भांडी घासलीत."

मी ते बोट अंगठ्यानं चाचपलं.

पुन्हा ठसे द्यायला तीन आठवड्यांनी बोलावलंय.

काल दुपारी सिया माझ्या मांडीवर बसली होती. माझा हात घेऊन एकेक बोट चाचपत होती.

"आजी, धिस वन इज सो स्मूद."

दुसऱ्यावर आली. "अँड धिस वन."

तिसरं बोट तिनं कानाशी नेलं, जरा वेळ ऐकलं, आणि जपून आपल्या मांडीवर ठेवलं.

"धिस वन इज ऑलमोस्ट डन."