बेंबळीच्या माळावर उतरलेलं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर टेकता टेकताच एका अंगावर कलंडलं आणि धुळीत दिसेनासं झालं. लग्नाला जमलेली माणसं माळाकडे धावली. नवरदेव धडधाकट बाहेर आला, पायलटचा हात मोडला होता. खाली हरणं आली, असं तो सांगत होता; पण धुळीत ती कुणालाच दिसली नव्हती. लग्नाची व्यवस्था पाहणारे रणधीरकाका म्हणाले, याला चालवताच येत नाही.

दीक्षाचा मात्र पायलटवर विश्वास बसला. सुटीत ती बेंबळीला मावशीकडे आली होती. मावशी दवाखान्यात नर्स, दिवसभर ड्यूटीवर. गावातल्या मुली आजोळी गेलेल्या. उरला आठ वर्षांचा मावसभाऊ प्रसेनजित, आणि माळावर चरणारा काळविटांचा कळप. रोज सकाळी ती लांबून त्यांना बघत बसायची.

गर्दी पांगल्यावर ती प्रसेनजितला घेऊन माळावर गेली. खांब उपटल्यासारखे ताजे खड्डे ओळीनं दिसले. एका खड्ड्याशी हिरव्या जाळीचा तुकडा पडला होता, त्यात तपकिरी केस. पुढं रक्ताचे थेंब ओढ्याकडे गेले होते.

ओढ्यात काळवीट पडलं होतं. शिंगांत जाळी गुरफटलेली, पाय मोडलेला. दीक्षानं प्रसेनजितला वनरक्षक हरिबांकडे पिटाळलं आणि काळवीट बुजू नये म्हणून स्वतः जरा लांब बसली. तासभर ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहिली. हरिबा पोचायच्या आत त्याचा श्वास थांबला.

"जाळी? आमी न्हाय लावली," दीक्षानं विचारल्यावर रणधीरकाका म्हणाले.

दीक्षा खड्ड्यांपासून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकोरीनं थेट त्यांच्या ट्रॉलीपाशी गेली. ताडपत्रीखाली जाळीची गुंडाळी होती. तिनं हातातला तुकडा फाटलेल्या जागी ठेवला. तो बरोबर बसला.

मग काकांनी कबूल केलं. गर्दी हेलिकॉप्टर उतरायच्या जागेत येऊ नये म्हणून पहाटेच तीन बाजूंनी जाळी लावली होती. कळप आत चरताना दिसला, पण हेलिकॉप्टरच्या आवाजानं पळेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हरणं जाळीवर आदळली आणि मागं वळून हेलिकॉप्टरखालीच शिरली. त्यांना वाचवताना हेलिकॉप्टरचा तोल गेला. नंतर काकांनी घाईघाईनं जाळी काढली.

सरपंच द्वारकाबाईंनी सगळ्यांसमोर दीक्षाची पाठ थोपटली. "लई हुशार पोर हाय," त्या म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे जेवायच्या पंगतीकडे वळले.

संध्याकाळी वनखात्यानं काळविटाचं दहन केलं. गावातलं कुणी आलं नाही. प्रसेनजितही दमून झोपला होता. दीक्षा एकटीच धुराकडे बघत होती. थोड्या वेळानं हात गळ्यात बांधलेला पायलट आला आणि तिच्याशेजारी उभा राहिला.