किल्ली ज्याच्या हातात

नाही म्हणजे नाही. नवी सायकल घे, सेकंडहँड घे, कोणाची तरी उसनी आण. पण जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली तुझ्या बापाची सायकल उद्या कामावर न्यायची नाही.

कमाल आहे! संध्याकाळी फोन करतोस, "मामा, येताना हवा भरायचा पंप आणा." मी शहाणा, गुडघा धरत तीन जिने उतरून पंप घेऊन येतो. आणि आत्ता, लाइट गेल्यावर, अंधारात सांगतोस की कुठल्या चाकांसाठी तो हवाय. काय म्हणालास? चाकं बघितली फक्त? बरं. बघितलीस तर बघितलीस. उद्या ती ताडपत्री परत नीट बांध.

आणि तू हसू नकोस गं. भावाला नोकरी लागली, तीही तळ्यापलीकडे, म्हणून उड्या मारतेयस. तळ्याकाठचा रस्ता, गार वारा, सायकलवरून ऑफिस, वर व्यायाम फुकट! मला नको सांगूस. त्या रस्त्याचं कौतुक मी तुझ्या बापाच्या तोंडून इतकं ऐकलंय, की कान किटले माझे.

ए, ती टकटक बंद कर आधी. खुर्चीवर काय वाजवतोयस? डोक्यात जाते.

तर ऐका. आवाज हळू ठेवा, दाजी आत झोपलेत. त्यांना हे सांगितलेलं आवडणार नाही.

दाजी तेव्हा तळ्याच्या पश्चिमेच्या टोकाला पंपहाउसवर होते. गावाच्या टाकीत पाणी चढवायचं काम. दिवसा दाजी, रात्री त्यांचा जोडीदार. त्याला सगळे गवई म्हणायचे, कारण सायकलवर बसला की तो गळा काढायचा. सूर असा की बगळे उडून जायचे. पण माणूस सोन्यासारखा.

आणि दोघांना वेड एकच, तो रस्ता. सकाळी जाताना ऊन पाठीवर, संध्याकाळी येतानाही पाठीवर. डोळ्यांत कधी ऊन नाही. आधी थोडा चढ, मग असा उतार की पायडल मारायलाच नको, नुसतं बसायचं. थंडीत पाण्यावर धुकं असायचं आणि त्यातून बदकं एकामागोमाग एक बाहेर यायची. दाजी म्हणायचे, "अरे, लोक पैसे खर्चून हवा खायला जातात, आणि मला मेलं सरकार पगार देऊन पाठवतंय!" घरी आल्यावर ताई जेवायला वाढायची आणि हे मासा कसा उडाला ते सांगत बसायचे. भात गार.

आता नियम असा की बदली माणसाने पंपहाउसवर पोचायचं, मोटर बघायची, आणि मगच आधीच्याने निघायचं. पण तेवढ्यात दिवस मावळणार. मग अंधारात घरी जाण्यात काय मजा? म्हणून या दोघांनी अक्कल लढवली. दोघेही एकाच वेळी निघायचे आणि अर्ध्या वाटेवर, वडाच्या वळणाला भेटायचे. किल्ली तिथेच द्यायची. तीही उतरून नाही हं! पंपाकडून येणारा घंटी एकदा वाजवणार, समोरचा दोनदा. दोघे उजवा हात बाहेर काढणार, आणि चालत्या सायकलवरून किल्ली या हातातून त्या हातात. एकदाही पडली नाही, असं दाजी छाती फुगवून सांगायचे. किल्लीला काळ्या ट्यूबचा तुकडा गाठ मारून बांधला होता, म्हणजे अंधारातही हाताला लागावी. आणि दोघांचा कायदा एकच. किल्ली ज्याच्या हातात, ड्युटी त्याची.

साहेबाला कळलं असतं तर दोघांची उचलबांगडी झाली असती. कळलं नाही. दुसरंच झालं.

पावसाळा संपत आला होता. एका संध्याकाळी गवयाने वळणावर किल्ली घेतली, गात गात पुढे गेला, आणि पंपहाउसवर पोचलाच नाही. पुढे बांधाची कड ढासळली होती. सकाळी सापडला. सायकल चिखलात, हा पाण्यात, आणि किल्ली मुठीत. मूठ उघडेना. साहेबाने माणूस लावून उघडवली, किल्ली रुमालाने पुसली आणि दाजींच्या हातात ठेवली. "घ्या, आता तुम्हीच बघा."

झालं. तेव्हापासून दिवसाही दाजी आणि रात्रीही दाजीच. बदली माणूस मागितला की साहेब म्हणणार, "बघू." पुन्हा मागितला की, "अहो, बघू म्हटलं ना." हे "बघू" ऐकून ऐकून दाजींचं डोकं फिरायची वेळ आली. पोरीसारखा जपलेला तो रस्ता, पण आता जाणं काळोखात, येणं काळोखात. बदकं कुठली नि धुकं कुठलं! आणि ताईचे दिवस भरत आलेले. तेव्हा पोटात कोण होतं, सांगायला नको. हे बसलेत ना समोर, टकटक करत.

बंद कर म्हटलं ना रे!

जानेवारीतला दुसरा गुरुवार. संध्याकाळी मीच ताईला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल आडवं आहे, नवऱ्याला बोलवा, सही लागेल. मी पंपहाउसवर फोन केला. दाजींनी साहेबाला केला. साहेब म्हणाला, "माणूस नाही. अकराला वीज येईल, मोटर चालू करायला तुम्ही हवेत. सकाळी गाव कोरडं राहिलं तर परत येऊच नका." आणि ठेवला फोन! बायको तिकडे मरणाच्या दारात, आणि याला टाकीची काळजी.

पावणेदहाला दाजींनी कुलूप घातलं. म्हणाले, तिचं तोंड बघतो, सही करतो, अकराच्या आत परत येतो. जमणार नव्हतंच ते. जाऊन येऊन तास, आणि ऑपरेशन सोडून निघणार कसं? त्यांनाही कळत होतं. शिव्या घालत निघाले. साहेबाला, ऑफिसला, स्वतःला. शेवटी गवयालाही. "मेलास आणि सुटलास लेका! मी एकटाच मरतोय इथे. ये की आता, घे किल्ली!"

मोठ्याने म्हणाले हे. रिकाम्या रस्त्यावर.

वळण आलं. सवयीने अंगठा घंटीवर गेला. एकदा वाजली.

समोरून... दोनदा वाजली.

दाजींना आधी काहीच वाटलं नाही. इतक्या वर्षांची सवय. समोरून दिवा येत होता. डायनामोचा, पिवळा, थरथरता. चाकाची घरघर ऐकू येत होती. डावीकडे तळं. त्यांची नजर पाण्यावर गेली.

रस्त्यावर दिवे दोन.

पाण्यात... एकच.

गाणं नव्हतं. तो कधी गाण्याशिवाय आला नव्हता. पाय थांबवायचे होते. थांबले नाहीत. तो उतार होता ना. सायकल आपली आपण चालली. दिवा जवळ आला. आणखी जवळ. आणि दाजींचा उजवा हात... त्यांनी उचलला नाही. उचलला गेला. खिशातून किल्ली कधी काढली, आठवत नाही म्हणतात.

बोटं लागली. गार. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी मऊ.

किल्ली गेली.

मागे वळून बघितलं. दिवा नाही. माणूस नाही. नुसती घरघर... पंपाकडे चाललेली. मग तीही नाही.

दाजी दवाखान्यात आले तेव्हा मी दारात होतो. तोंड पांढरंफटक. मी विचारलं, "पंपावर कोण आहे?" म्हणाले, "बदली आलाय." सही केली. बाराच्या सुमारास तू जन्मलास. ताई वाचली. रात्रभर दाजी तिच्या उशाशी बसून होते.

आणि पहाटे नळाला पाणी आलं. रोजच्यासारखं.

उजाडल्यावर मला घेऊन गेले. पंपहाउसच्या दाराला कुलूप तसंच. दुसरी किल्ली नव्हतीच, म्हणून पहारीने तोडलं. आत मोटर बंद. मी हात लावला, कोमट होती. साहेबाला तेवढंच सांगितलं की किल्ली हरवली. तो म्हणाला, "पाणी आलं ना? मग झालं तर." असल्या माणसापुढे काय डोकं फोडणार?

पुढे नवा माणूस आला, नवं कुलूप आलं. दाजींची ड्युटी पुन्हा दिवसाची झाली, ऊन पुन्हा पाठीवर आलं. पण मजा संपली ती संपलीच. मी विचारायचो, "आता कसला त्रास?" एकदा चिडून म्हणाले, "तुला काय कळतंय? संध्याकाळी त्या वळणावर घंटी वाजते. रोज. एकदा. किल्ली परत द्यायला उभा आहे तो. त्याच्याकडून चार्ज कोणी घेतलाच नाही."

"मग घ्या की!"

"आणि घेतली तर? मग ड्युटी कोणाची?"

म्हणून नोकरी संपेपर्यंत त्या वळणावर दाजींनी दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले. हात कधी बाहेर काढला नाही. आवडता रस्ता, आणि मान खाली घालून जायचं. चीड येते रे. बिचाऱ्याने माझ्या बहिणीसाठी, तुझ्यासाठी मागितलं, आणि आयुष्यभर त्याची किंमत मोजली. आणि तो दुसरा बिचारा तिथे ताटकळत उभा. कोणावर चिडायचं तेच कळत नाही.

गेल्या महिन्यात दाजी रिटायर झाले. शेवटच्या संध्याकाळी आले, सायकल जिन्याखाली लावली, हार काढला, जेवले. सकाळी मला फोन. "ताबडतोब ये."

सायकलच्या हँडलला किल्ली लटकत होती. ट्यूबचा तुकडा, गाठ, तीच. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. दाजी म्हणाले, "मी हात पुढे केला नाही, म्हणून घरी आणून दिली त्याने." आम्ही हात लावला नाही. वरून ताडपत्री टाकली, दोरी बांधली. लावणार कोण? किल्ली ज्याच्या...

आता कळलं, का नको म्हणतोय? दुसरी सायकल घे बाबा. पैसे मी देतो.

...

अरे, परत टकटक?

काय आहे ते हातात?

बघू.

नाही, उघड. मूठ उघड म्हणतो ना...

गं, मोबाइलचा उजेड धर इकडे. धर.

...

अरे, तुझ्या बाहीतून पाणी कुठून गळतंय?